भिंतीतला पाइप

थोरली : सही मी करणार नाही, पण चहा करते. साखर चालते ना तुला?

कंपनीची मुलगी : आजी, चहा नको, सहीच हवी. पलीकडच्या धाकट्या आजींनी पाण्याच्या नव्या जोडणीचा अर्ज केलाय. सध्या त्यांच्याकडे पाणी जातं ते तुमच्या या ओट्याखालच्या पाइपातून. तो तोडायचा तर तुमची संमती लागते.

थोरली : तोडायचा! किती सहज म्हणालीस गं.

मुलगी : तोडायचा म्हणजे वेगळा करायचा, आजी.

थोरली : मधली भिंत घातली तेव्हाही अगदी हेच म्हणाले होते. तोडत नाही, नुसतं वेगळं होतोय. बस त्या स्टुलावर. डगमगतं जरा, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही.

मुलगी : बसते. पण आमची योजना ऐकून तरी घ्या. तुम्हीही आमच्याकडे आलात तर वीज, गॅस, पाणी, तिन्ही एकाच कंपनीकडून. बिल एक, तक्रारीचा नंबर एक.

थोरली : म्हणजे तिन्ही बंद पडली की रडायचं एकाच दारात.

मुलगी : तसं… तसंही म्हणता येईल.

थोरली : मला एक सांग. वीज येणार त्याच तारेतून, गॅस त्याच नळीतून, पाणी त्याच टाकीतून. मग कंपनी बदलली की बदलतं काय?

मुलगी : खरं सांगू? बिलावरचं नाव.

थोरली : हां. नवरीसारखंच की. चूल तीच, भांडी तीच, राबणारे हात तेच, आडनाव तेवढं नवं.

मुलगी : आमच्या साहेबांसमोर बोलू नका हे. जाहिरातीत घालतील.

थोरली : आणि नावाचं म्हणशील तर आमचं बिल अजून मामंजींच्या नावावर आहे. माझ्या सासऱ्यांच्या. तुझ्यासारख्या कंपन्यांचे रोज फोन. ‘साहेब आहेत का?’ परवा मी म्हटलं, आहेत, पण भिंतीवर आहेत. पलीकडचा म्हणतो, ‘मग खाली उतरले की करतो फोन.’

मुलगी : अगं बाई! त्याला वाटलं रंगबिंग देतायत?

थोरली : त्याला काय वाटलं कोण जाणे. तो बघ फोटो. हयातीत त्यांना कुणी ढुंकून विचारलं नाही. आता सगळा बाजार त्यांच्या मागे लागलाय. घे, चहा घे. गार करू नकोस.

मुलगी : आजी, मघापासून मी सहीकडे येते आणि तुम्ही मला दुसरीकडेच फिरवून आणता. भांडण झालंय का धाकट्या आजींशी?

थोरली : भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान बोलणं तरी होतं. गेल्या आठवड्यात आली, इथे दारातच उभी राहिली. ‘अक्का, मी माझी जोडणी वेगळी घेतेय.’ मी म्हटलं, घे. उलट पावली गेली. त्यानंतर तिच्याकडून टकटक नाही, माझ्याकडूनही नाही.

मुलगी : टकटक कसली?

थोरली : तुला काय करायचंय? तुझी कंपनी त्याचं बिल लावेल.

मुलगी : नाही लावणार. शप्पथ.

थोरली : हे सगळं एकच घर होतं. माझा नवरा थोरला, तिचा धाकटा. मामंजी गेले आणि त्यांच्या आरामखुर्चीवरून दोघा भावांचं वाजलं.

मुलगी : दोघांनाही हवी होती?

थोरली : दोघांनाही नको होती! म्हणजे, बाबांची खुर्ची दुसऱ्यालाच मिळावी. ‘तू घे.’ ‘छे, तूच घे.’ ‘मी काय लोभी आहे का?’ ‘म्हणजे मी लोभी?’ असं करता करता पार गवंडी बोलावण्यापर्यंत गेले. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत. अर्धा ओटा तिकडे, अर्धा इकडे.

मुलगी : आणि खुर्ची?

थोरली : जिन्याखाली पडून सडली. बसलं कुणीच नाही.

मुलगी : मग पाइप कसा राहिला एकच?

थोरली : गवंडी कुणाशी न बोलता भिंत घालू शकतो. नळवाल्याला विचारावं लागतं, बाबा, तोटी कुठे हवी, वळण कुठून द्यायचं. त्यासाठी दोघा भावांनी एका खोलीत उभं राहायला हवं होतं. ते काही झालं नाही. म्हणून पाइप राहिला. एकमेकींच्या घरी जायची आम्हा दोघींना बंदीच होती म्हण ना. मग आम्ही पाइपावर चमचा वाजवायला लागलो. एक म्हणजे, आंघोळीला चाललेय, नळ उघडू नकोस. दोन म्हणजे, चहा टाकलाय, मागच्या दाराने ये. तीन म्हणजे, असशील तशी धावत ये.

मुलगी : आणि आजोबांना कधी कळलं नाही?

थोरली : आमचे हे म्हणायचे, पाइपात हवा अडकलीय. भिंतीपलीकडे भाऊजीही तेच म्हणायचे. दोघांचं बोलणं बंद, पण हवेवर एकमत. मग एके दिवशी दुपारी हे जेवता जेवता कोसळले. मी तीन वाजवले. बघते तर तिच्याआधी भाऊजी दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, ‘वहिनी, तीन वाजले म्हणून आलो.’

मुलगी : म्हणजे त्यांना माहीत होतं?

थोरली : सगळं. एक, दोन, तीन, सगळं. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. भावाला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरले. पुढे चांगले जगले हे, दोघं संध्याकाळी त्या पायरीवर बसायचे. आता दोघंही नाहीत. भिंत आहे, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारी, आणि मध्ये हा पाइप. आता तुला कळलं, सही का करत नाही ते?

मुलगी : कळलं. पण आजी, मला निदान पाहणी तरी करू द्या. नाहीतर साहेब म्हणतील, नुसता चहा पिऊन आलीस. कुठून आत जातो हा? इथून? जरा ठोकून बघते, आतून पोकळ झालाय का ते आवाजावरून कळतं. हा बघा पाना. टक, टक…

थोरली : अगं, थांब! तिसरा नको!

मुलगी : …टक. काय झालं?

थोरली : केलंस ना? आता बघ. चप्पलसुद्धा घालायची नाही ती.

धाकटी : अक्का! अक्का, कुठे आहात? पडलात का? छातीत दुखतंय का? … अहो, तुम्ही तर चहा पिताय!

थोरली : पाय बघ तुझे. काही घालायचं पायात, आणि हळू यायचं. पायरीवर शेवाळ आहे. आणि हातात काय ते?

धाकटी : झारा. मी कढईपाशी… अगं बाई, गॅस! बंद केला का मी? केला. केला असावा.

थोरली : पोरी, पळ. मागच्या दाराने जा, डावीकडे स्वयंपाकघर. पाना ठेव इथे.

मुलगी : जाते, जाते!

धाकटी : ही पोरगी कोण?

थोरली : तुझ्या नव्या कंपनीची. हिनेच ठोकलं.

धाकटी : म्हणजे तुम्ही नाही वाजवलं.

थोरली : नाही.

धाकटी : मग येते मी.

थोरली : बस. हात पूस आधी. झारा घेऊन कुणी धावतं का?

धाकटी : तीन वाजल्यावर काय नाचू?

थोरली : एक विचारते, सरळ सांग. लेकाकडे राहायला चाललीस का?

धाकटी : कोण म्हणालं?

थोरली : म्हणायला कशाला हवं? वेगळी जोडणी म्हणजे वेगळं बिल. वेगळं बिल म्हणजे वेगळं घर. आणि वेगळं घर विकता येतं. मी काही दूधखुळी नाही.

धाकटी : लेकाकडे! त्या उंच इमारतीत? तिथे शेजारच्याची शिंक ऐकू येते, पण शिंकणारा कोण ते कुणाला ठाऊक नाही. चार दिवस राहिले तर जीव उडून गेला माझा. मी कुठेही चाललेली नाही.

थोरली : मग जोडणी कशाला हवी वेगळी?

धाकटी : तुमच्या किंचाळण्यामुळे.

थोरली : माझ्या?

धाकटी : मागे एकदा पहाटे मी नळ उघडला तर भिंतीपलीकडून ‘अगं आई गं!’ मला वाटलं, पाल पडली अंगावर. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उघडून पाहिला.

थोरली : मुद्दाम?

धाकटी : खात्री नको करायला? पुन्हा ‘आई गं!’

थोरली : सटवे!

धाकटी : मग डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे नळ उघडला की तुमच्या पाण्याचा जोर जातो, तुमच्या गॅसच्या गिझरची ज्योत विझते आणि साबण लावलेल्या अंगावर गार पाण्याची धार. त्यासाठीच तर एक वाजवायची आपली रीत. का नाही वाजवत तुम्ही?

थोरली : विसरते.

धाकटी : तुम्ही? तुम्हाला माझ्या लेकाच्या बारशाचे पाहुणे आठवतात!

थोरली : भाऊजी गेल्यापासून तुला रात्री झोप लागत नाही. भिंतीतून खाट करकरते, ऐकू येतं मला. पहाटे कुठे तुझा डोळा लागतो. त्यात मी लोखंडावर ठोकून तुला उठवू? उठलीसच तर उघडतेस नळ, आणि तेही रोज नाही. तेवढ्या गार पाण्याने माणूस मरत नाही.

धाकटी : या वयात मरतं, अक्का.

थोरली : मग सांगायचं ना तसं. दारातून तोंड फिरवून कशाला गेलीस?

धाकटी : सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मला गारच आवडतं.

थोरली : आवडतंच.

धाकटी : बघा! आणि तोंड मी नाही फिरवलं. तुम्ही ‘घे’ असं म्हणालात ना, जसं भिकाऱ्याला म्हणतात. रडूच यायला लागलं, म्हणून गेले.

थोरली : अगं, मलाही तेच येत होतं. म्हणून एवढाच शब्द निघाला.

मुलगी : आजी, गॅस बंदच होता. पण चहाचं पातेलं तिकडेही तयार आहे, दोन कप मांडून ठेवलेत.

थोरली : दोन?

धाकटी : मांडते मी रोज. हात ऐकत नाही. आज दोन वाजवणारच होते, तेवढ्यात तीन वाजले.

थोरली : आठवडाभर दोन कप मांडतेस आणि वाजवत नाहीस. भाऊजींनाही मागे टाकलंस. पोरी, आण तो कागद. सही कुठे करायची?

मुलगी : इथे. आणि आजी, बिल आता तुमच्या नावावर करावं लागेल. हयात माणूस लागतो.

थोरली : म्हणजे मामंजी उतरले शेवटी. त्या फोनवाल्याला कळव. आणि हा भिंतीतला तुकडा, त्याचं काय करणार?

मुलगी : दोन्ही टोकं बंद करायची. काढायचा तर भिंत फोडावी लागते, म्हणून तसाच ठेवतात. आम्ही लिहितो, निरुपयोगी.

थोरली : लिही, लिही. कंपनीला सगळंच कळायला हवं असं नाही.

(काही दिवसांनी, सकाळी. तोच ओटा. नवी जोडणी होऊन गेली आहे आणि कंपनीची मुलगी पाण्याचा जोर तपासायला आली आहे.)

मुलगी : कसं येतंय पाणी, आजी?

थोरली : गरम. शेवटच्या तांब्यापर्यंत गरम. बाहेर यायला मनच होत नाही. बोटांना सुरकुत्या पडतात, म्हणजे होत्या त्यावर आणखी.

मुलगी : मग काही तक्रार नाही, असं लिहू?

थोरली : एक आहे. तुझा तो निरुपयोगी पाइप फार मोठ्याने वाजतो आता. पूर्वी असा नव्हता.

मुलगी : आत पाणी नाही ना. भरलेला पाइप आवाज गिळतो, रिकामा घुमतो. त्रास होत असेल तर चिंधी गुंडाळून देते.

थोरली : हात लावशील तर याद राख.

मुलगी : बरं, बरं. पण धाकट्या आजींना झोप लागते का हो या आवाजात?

थोरली : बरी लागते म्हणते. मी आधी वाजवत नाही. ती उठली की तिची ती वाजवते, मग… थांब. ऐकलंस?

मुलगी : एक. म्हणजे आंघोळीला चालल्या. पण आजी, आता त्यांचा नळ वेगळा, तुमचा वेगळा. तुम्ही सगळ्या तोट्या सोडून बसलात तरी त्यांना काय फरक पडणार?

थोरली : काहीच नाही.

मुलगी : मग वाजवतात कशाला?

थोरली : तो चमचा दे बघू इकडे. खोळंबली असेल ती.