अळंबीला सुटलेलं पाणी

...आणि पाणी तरी किती सुटावं हो एखाद्या भाजीला! तुम्हाला सांगते, कढईत अळंबी टाकली, वर झाकण ठेवलं, आलं-लसूण वाटून परत येते तो आत तळं! मी थेंबभर घातलं असेल तर शपथ. आता निवडताना जरा भिजत ठेवली होती, कबूल. डाळ नाही भिजत घालत आपण? तशीच. भाजीवाला सांगत होता, ‘आजी, ही नुसती पुसून घ्यायची, पाण्यात नाही टाकायची.’ म्हटलं, तू तुझा काटा सरळ धर! अरे, वाचायला मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, शिवणयंत्र खोलून परत जोडलं, आणि हा मला भाजी धुवायला शिकवणार? मी कुणाला विचारत नाही!

पण त्या दिवशी गोष्ट साधी नव्हती. त्याच्या आधी एकदा, एकदाच हं, माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं. झालं! सूनबाईचं सुरू, ‘आई, तुम्ही आता बाहेर बसा ना, स्वयंपाकाचं मी बघते.’ आवाजात साखर. मुलगा मागून, ‘आराम कर गं जरा.’ आराम! आधी हातातला डाव जातो, मग मसाल्याचा डबा वरच्या फळीवर जातो, आणि मग आपण खुर्चीत बसून ‘आज काय केलंय गं?’ विचारणारी म्हातारी होतो. मी? विचारणारी? त्यात सूनबाईची आई जेवायला येणार होती. मी बोलून बसले, ‘मसाल्याची अळंबी मी करणार. बिघडली तर डाव तुझा!’

आणि कढईत तळं!

ते पाणी पातेल्यात काढून ठेवलं. ओतवेना हो, विकतच्या भाजीचं पाणी! मग आच मोठी केली, कांदा, टोमॅटो, गाजर, फरसबी, धणे, मिरं, लवंग... सगळं अंदाजानं. आणि अंदाज रागातला, म्हणजे मूठ सैल. बघते तर अळंबी अंग चोरून बसलेली! पिशवीभर आणलेली, ओंजळभर उरली. आता पाहुण्यांना काय सांगू, शोधून खा? म्हणून खालच्या कपाटातले बटाटे काढायला वाकले. आणि आमचं वाकणं तुम्हाला ठाऊक नाही. खाली जाते मी, वर येतात आधी ‘आई गं’, मग गुडघे, मग मी. वर येते तो वास!

दारात सूनबाई. ‘आई, खाली लागलं का काही?’

‘लागलं नाही, रंग चढतोय!’

‘खिडकी उघडू?’

‘तू बाहेर जा. तुझी आई एकटी बसलीय.’

ती वळली, आणि मी ते पातेलं उचलून कढईत उपडं केलं. चर्रर्र! बुडाचा काळा थर खरवडला, सगळ्यात मिसळला, बटाट्यांचा नाद सोडला, आणि वाढलं. वाढताना डाव जरा घट्टच धरला होता. शेवटचा म्हणून.

विहीणबाईंनी घास घेतला. थांबल्या. मी भिंतीकडे बघतेय. आणि त्या म्हणतात, ‘अहो विहीणबाई, हा खमंगपणा कशाचा? अगदी चुलीवरची चव!’ मुलगा कढई पुसून खातोय! सूनबाईनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाली, ‘आई, डाव तुमच्याकडेच राहू दे. मला हे जन्मात जमायचं नाही.’

जिंकले! मान अशी ताठ, की रात्री उशी घेववेना.

पण विहीणबाई चपला घालता घालता काय म्हणाल्या? ‘पुढच्या रविवारी आमच्याकडचे सगळेच येतो. हीच भाजी करा. अगदी अशीच!’

अगदी अशीच... आज तो रविवार. अळंबी भिजत घातलीय. पाणी सुटणार, तेही आता कळलंय. पण करपवायची किती? खाली वाकून राहायचं किती वेळ? ते बघायला मी वर होते कुठे? सूनबाईला विचारावं, तर ‘लागलं नाही, रंग चढतोय’ असं तिला मीच सांगितलेलं! आता तुमच्यापैकी कुणाला...

छे, छे. विचारत नाहीये. सहज बोलले. मी कुणाला विचारत नाही.

फक्त मी खाली वाकले, की... वास आल्यावर तेवढी हाक मारा.