घाटातला विडा

(अणशीचा घाट, मोटारी यायच्या आधीचे दिवस. भाताच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी उताराच्या तोंडाशी उभी आहे; तांबू आणि काळू हे बैल जुंपलेले. पुढं सोळा वर्षांचा वासू, मागं पोत्यांवर मोडका पाय पसरून त्याचा बाप परशू, आणि खाली चाकाशी दगड घेऊन आई केशर.)

परशू : कासरा हिकडं दे म्हणतो न्हवं.

वासू : न्हाई देत.

परशू : हितनं पायथ्याच्या कदऱ्यापतुर उतारच उतार हाय. शिकायचं ते सपाटीवर शीक.

वासू : सपाटीवर तांबू आपला आपण चालतोय, अप्पा. म्या नुसता बसतोय. त्यात काय शिकू?

केशर : खरं बोलतंय पोर.

परशू : तू मधी पडू नगंस. मागल्या बाजाराला काय झालं इसरलीस? काळूचं गुडघं फुटलं हुतं.

वासू : कुणामुळं?

परशू : कुणामुळं म्हंजी?

वासू : तू मागनं 'होऽ होऽ' वराडलास. बैलं तुझा आवाज वळखत्यात. म्या चल म्हणतोय, तू थांब म्हणतोस. तांबू जाग्यावर थटला, काळू चालत ऱ्हायला, मागनं सगळा भार आला. पडंल न्हाई तर काय करंल बिचारा?

परशू : चाक कडंला गेलं हुतं!

वासू : न्हवतं गेलं. येताना चाकाचा माग बघितला म्या. हातभर जागा हुती.

परशू : हातभर! लखूला बी हातभरच वाटली असंल.

केशर : आता भावोजींचं नाव कशाला काढताय?

परशू : का काढू नगं? सख्खा भाऊ माझा. त्या खालच्या जांभळीच्या वळणावर गेली त्याची गाडी. म्या मागल्या गाडीवर हुतो. हाळी द्यायची बी सवड मिळाली न्हाई.

केशर : म्हणून तवापास्नं निसत्या हाळ्याच देताय.

परशू : मग काय करू? भ्या वाटतं मला, केशर. डोळं मिटलं तरी पोर खाली जाताना दिसतंय.

केशर : मला वाटत न्हाई व्हय? पर तुमचा पाय आता गाडीच्या कामाचा ऱ्हायला न्हाई. पुढल्या बाजाराला त्यो एकटाच येणार. तवा मागं कोण बसणार हाय? आज आपुन दोघं हाय, तर उतरू द्या त्याला.

वासू : अप्पा, एकच कर. जांभळीचं वळण सरंपतुर तोंड उघडू नगंस.

परशू : ते माझ्या हातात न्हाई रं. आपसूक निघतंय.

केशर : मग ह्यो घ्या.

परशू : काय ह्ये?

केशर : इडा. आत सुपारीचं मोठं खांड हाय. गालात धरा आणि गप बसा.

परशू : येडी हैस तू.

केशर : हाय. धरा.

परशू : वासू, मागचा ओंडका बांधलास?

वासू : बांधला. चांगला जड हाय. घासत आला की गाडी पळायची न्हाई.

परशू : आणि पोती?

वासू : मागं सारल्यात. बैलांच्या मानंवर भार न्हाई.

केशर : झालं? आता तोंड बंद. चल वासू.

वासू : चल तांबू. हळू. हळू रं काळू. आये, ओंडका घासतोय न्हवं?

केशर : घासतोय. जा तू.

वासू : जांभळ दिसली.

केशर : दिसू दे. म्या चाकाजवळच हाय.

वासू : आये, गाडी रेटतीया!

केशर : दोर तुटला! ओंडका मागंच ऱ्हायला!

वासू : दगड लाव!

केशर : लावला, चाक वरनं गेलं!

वासू : अप्पा! न्हाई, नगं, बोलू नगंस. तांबू, डोंगराकडं. डोंगराच्या अंगाला, माझ्या राजा. दाब. काळू, तू बी दाब.

केशर : उळवीच्या बसवा, सांभाळ रं बाबा.

वासू : लागलं! चाक दरडीला लागलं. घासू दे. होऽ तांबू. होऽ. होऽऽ.

केशर : थांबली?

वासू : थांबली. दगड लाव, आये. दोन्ही चाकांना.

केशर : लावलं रं, लावलं. बस तिथंच.

वासू : माझ्या आवाजावर थांबला तांबू. बघितलंस?

केशर : बघितलं, माझ्या बाळा.

वासू : अप्पा, बरा हैस न्हवं? एक शबुद बोलला न्हाईस.

परशू : बोलणार कसा? तुझ्या आयनं तोंडात इडा कोंबलाय न्हवं.

केशर : मूठ उघडा.

परशू : कशापायी?

केशर : उघडा म्हणते. हितं हाय की इडा. पार चुरा झालाय.

परशू : दुसरा इडा बांध. उतार अजून सरला न्हाई.