डाव्या दारावरचं नाव

नाही पेंटर, असं वरवर नको, पार पत्र्यापर्यंत खरवड — उद्या ट्रक आरटीओत तपासणीला न्यायचाय आणि तिथला साहेब आधी डावं दारच बघतो. परमिट ज्याचं, नाव त्याचं, असा नियम. इतकी वर्षं माझ्या गाडीवर दाजींचं नाव मिरवलं, आता माझं लिही. तेव्हा तूच लिहिलं होतंस, आता तूच पूस. हसतोस काय? — बरं, नाही हसलास. मला हल्ली सगळेच हसताना दिसतात.

तू तेव्हा विचारलं होतंस, आठवतंय? गाडी तुझी आणि नाव बहिणीच्या नवऱ्याचं कसं? मी काय म्हणालो? घर एकच आहे म्हणालो. अरे, परमिटच्या खिडकीवर अर्जदार स्वतः उभा लागतो, आणि एकदा उभं राहून भागत नाही — आज फोटो चालत नाही, उद्या शिक्का पुसट आहे, परवा बाईच रजेवर — आणि मी कायम कुठे? रस्त्यावर! दाजी म्हणाले, तू चाकं बघ, कागद मी बघतो. परमिट माझ्या नावावर काढू, तुझी गाडी तू मला भाड्याने दिलीस असं कागदावर दाखवू, झालं. मीही म्हणालो, झालं. गाडीची नोंदणी माझी, हप्ते माझे, टायर माझे, कंबरदुखी माझी, परमिट तेवढं त्यांचं. त्यांचं कसलं, त्याचं! आता कशाला अहो-जाहो? पण जिभेला सवय आहे रे, ताईचा नवरा पडला. मी रोज सकाळी टायरला काठी मारून बघतो, आवाजावरून हवा सांगतो. कागदाला काठी मारून बघता येत नाही, तिथे फसलो.

मग तो चेकपोस्टचा नाका. मागे टाइल्स भरलेल्या, मी ऐटीत कागदांची पिशवी पुढे केली. आतला माणूस कॉम्प्युटरकडे बघतो, माझ्याकडे बघतो, परत कॉम्प्युटरकडे बघतो. म्हणाला, या परमिटवर ही गाडी नाही. मी म्हटलं, साहेब, नीट बघा, दारावर नाव आहे, नंबर आहे. तो म्हणाला, दारावर असेल, परमिटवर नाही. परमिटवाल्याने गाडी बदलून घेतलीय. बदलून! म्हणजे दाजीने स्वतःची नवी गाडी घेतली, माझी परमिटवरून उतरवली, ती नवी चढवली, आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. माझी गाडी तिथेच अडकवली, माल दुसऱ्याच्या गाडीत भरला माझ्या डोळ्यांदेखत — आणि ऐक, त्याला ताडपत्रीचे दोर बांधायला मीच मदत केली. का केली? हाताला सवय, दुसरं काय.

दाजीला जाब विचारला तर म्हणतो, नियमात बसतं. बसतं ना! तेच तर दुखतंय. चोरी केली असती तर पोलिसांत गेलो असतो. आणि भाडेकरार मोडायची सही द्यायला मात्र एका पायावर तयार — देईलच, त्याचं काम झालं होतं. मग मी दंड भरून गाडी सोडवली, स्वतः खिडकीवर उभा राहिलो, सगळं केलं. आता उद्याची तपासणी तेवढी राहिलीय. ती पार पडली की परमिट माझं, नाहीतर ही गाडी अंगणात उभी करून बघत बसायचं.

एक सांगू? नाक्यावर अडकलो त्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला होता. म्हणाली, आज गाडी काढू नकोस, घरीच थांब. का? तर म्हणे असंच. मी हसलो, म्हटलं भरलेली गाडी असंच थांबत नाही. आता कळतंय ना? तिला माहीत होतं. नवऱ्याचं नाव घेता येईना, भावाला जाऊ देववेना. लोक म्हणतात, बिचारीने प्रयत्न तरी केला. मी नाही म्हणत. मी तिला माफ केलेलं नाही, पेंटर. फार वाईट वाटतं, पण नाही केलं. हे घरात कुणाला बोललो नाही, तुला सांगतोय — कारण तू बाहेरचा माणूस. बाहेरच्याशी कसं मोकळं बोलता येतं.

बरं, नावाखाली घार काढ, तीच, पंख पसरलेली. नाव दाजीचं असलं तरी ती घार माझी होती. मी सांगितली, तू पुठ्ठ्यावर साचा कापलास, वर शब्द दिलास की दुसऱ्या कुणाच्या गाडीवर ही उडणार नाही. कुठेय साचा? तू नको उतरूस स्टुलावरून, मी घेतो. डब्यांच्या मागे… हा बघ.

पिवळा का आहे रे?

माझी घार पांढरी आहे. निळ्या दारावर पांढरी. हा कडेला लागलेला पिवळा रंग कुणाचा? — खाली काय बघतोस, माझ्याकडे बघ. दाजीची गाडी इथेच आली होती? तुझ्याकडे? कधी, नाक्याच्या आधी? — आधी.

म्हणजे त्याचं नाव तू लिहिलंस. परमिटचा नंबरही तूच लिहिलास, तोच, जो माझ्या दारावर होता. लिहिताना तुझ्या हातानेही ओळखला असेल की! आणि त्यानंतर, गाडी अडकायच्या आधी, मी मागची अक्षरं उजळून घ्यायला आलो होतो, या बाकावर बसून तुझ्याबरोबर चहा प्यायलो, आणि तू — काय? धंदा आहे? हो, धंदा आहे. तुझंही नियमात बसतं. ताईने निदान फोन तरी केला.

दे ती खरवडणी इकडे. राहिलंय अर्धं नाव तर राहू दे, घरी जाऊन घासतो. माझं नाव मला लिहिता येतं. वेडंवाकडं येईल, साहेबाला हसायचं तर हसू दे. साचा ठेव तुझ्याकडे, अजून चालेल तो. उतर. स्टूल घे बाजूला. बाजूला हो म्हणतो ना — गाडी काढतोय.