नानांनी न उचललेली पानं

अक्का, आबा आणि सकाळच्या पॅसेंजरमधल्या माझ्या सोबत्यांनो,

कामंधामं टाकून तुम्ही सगळे आज चाळीसगावात जमलात. मला बोलायला उभं केलंत. पण खरं सांगतो, मला सुचत नाही.

लोटननाना आणि मी अकरा वर्षं जळगावच्या कचेरीत रोज गाडीनं गेलो. मांडीवर टॉवेल पसरायचा आणि तीन पत्ती मांडायची. डाव चिंचोक्यांचा. अक्का, तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातले चिंचोके नाना कुठे नेत होते, ते आज कळलं असेल.

नाना आम्हाला शिकवायचे. जोरदार पानं हातात आली की काय करायचं? म्हणायचे, काही करायचं नाही. चाल नेहमीचीच ठेवायची. सुरुवातीलाच दुप्पट लावलीत की बाकीचे पानं टाकून मोकळे होतात. त्यांना डावात राहू द्या. शिकवायचे छान, स्वतःला मात्र कधी जमलं नाही. मोठी पानं दिसली की नानांच्या कपाळावर घाम फुटायचा. ऐन थंडीतसुद्धा. घाम दिसला की आम्ही पानं खाली टाकायचो. एकदा तीन एक्के घेऊन हा माणूस पाच चिंचोके जिंकला. आम्ही हसलो. नाना आमच्याहून जास्त हसले.

गेल्या सोमवारी पाचोरा सुटलं. मी पानं वाटली. नानांच्या कपाळावर घाम आला. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पानं टाकली. रोजच्यासारखीच टाकली हो.

नाना म्हणाले, "पुंडलिक, खिडकी उघाड रे भो. जीव घाबरस."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नाना, इतला मोठा पत्ता उना का?"

भारी पान आलं म्हणूनच घाम, असं समजून सगळे हसले. खिडकी मी उघडली नाही.

माहेजी यायच्या आत त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. म्हसावदच्या फलाटावर उतरवलं. कोणी पाणी आणलं, कोणी वारा घातला. कशाचाच उपयोग झाला नाही.

त्यांना उतरवण्याआधी मांडीवरचा टॉवेल आवरताना मला दिसलं. नानांची तीन पानं वाटली तिथेच होती. पालथी. त्यांनी ती उचललीच नव्हती. मग घाम कसला होता? अकरा वर्षं आम्ही त्या कपाळाकडे बघत आलो, आणि त्या दिवशी हाताकडे एकानंही बघितलं नाही.

अक्का, तुम्ही मला विचारलंत, शेवटी काही बोलले का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. तुमच्यासमोर खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून आज सगळ्यांच्या देखत सांगतोय. ती पानं माझ्या खिशात आहेत. मी उलटून बघितली नाहीत. त्यांचं काय करायचं, तेही मला कळत नाही.

नाना, तुम्हाला नमस्कार.

आता दोन मिनिटं आपण उभे राहू या. त्याआधी मागच्या त्या खिडक्या कोणीतरी उघडा.