अर्धविरामापुढचं स्थळ

मंगरूळपीरच्या एसटीत पुढच्या सीटवर बहीण-भावाचं भांडण जुंपलं, तसे जगदेवने फुटाणे चावायचे थांबवले.

"नमन, तुह्या स्थळांच्या वेबसाइटवर कोणत्याई पोरीची लिंक दाबली, तरी लॉगिन केल्यावर माहाच फोटो काहून येते?"

"रिंकूदीदी, लॉगिन होईपर्यंत त्या लिंकचा पत्ता कुकीत, म्हंजे ब्राउझरच्या चिठ्ठीत, राह्यते. पत्त्यात पोरीच्या नंबराआधी अर्धविराम हाये; ठेवताना त्याच्या जागी 'टक्का-तीन-बी' असा कोड लिहा लागते. मी तसाच कोंबला."

"मंग?"

"ब्राउझरले वाटलं, पत्ता तिथंच संपला. पुढचा पोरीचा नंबर उडाला, म्हणून यादीतली पयली पोरगी दिसते. तू."

"तरीच बावीस पोरांचे बायोडाटा आले!"

"सॉरी. आत्ताच दुरुस्त करतो."

"मुकाट्यानं मोबाइल ठेव! त्यातला रिसोडवाला मले पसंत हाये. साखरपुडा होईपर्यंत त्या अर्धविरामाले हात लावशीन तर पाह्य!"