उभी किक

— कुरडया घालत होते हो मी. ह्या टाकीला पोचा कशानं आला, विचारलं ना तुम्ही? तेच सांगून राह्यले. एप्रिल होता, चौऱ्याऐंशी सालचा. सकाळची शाळा सुटून घरी आले, सासूबाईंनी चीक हाटून ठेवला होता, माळवदावर बाज टाकली, धुतलेलं धोतर अंथरलं अन् सोऱ्या घेऊन बसले. खालून बैलगाडीवाल्या भिवानं हाक मारली — बाई, खाली या. मी म्हणलं, थांब भिवा, एवढा चीक संपू दे. ऐकलं ना? एवढा चीक संपू दे म्हणलं मी. गार झाला की कुरडई तुटते ना, म्हणून. मंग वाकून पाह्यलं तर खाली त्याची बैलगाडी, बैल सुद्धा सोडलेले न्हाईत, अन् गाडीत ही — ही येझदी फटफटी, आडवी — अन् तिच्या बाजूला कडब्यावर आमचे हे. बद्रीनाथ. नाव घ्यायला आता कोणाची लाज. — बसा ना, उभे काय. खुर्चीला धूळ न्हाई. खुर्ची मी रोज पुसते, गाडी पुसत न्हाई.

तुम्ही पुण्याहून आलात, जुन्या गाड्या घेता म्हणता, तर तुम्हाला मी काय शिकवायचं? पण मास्तरीण आहे, शिकवल्याबिगर ऱ्हावत न्हाई. एक्याऐंशीला घेतली ही. आमचे हे बियाण्याच्या कंपनीत होते — जालन्यात तेव्हा बियाण्याचे दिवस नुकते सुरू झाल्ते — गावोगाव कपाशीचे प्लॉट बघत हिंडायचं, सायकलीवर जीव जायचा. औरंगाबादहून आणली, बदनापूरपासून गावापर्यंत मी मागं बसून आले, सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन वेशीत उभ्या. मैसूरला बनायची. म्हणायचे, कर्नाटकातली पोर आहे, जपून बोल तिच्याशी. ही टाकी बघा, बाजूला चकचकीत, मधी हे रबर गुडघ्याला टेकायला. सिलिंडर एक अन् सायलेन्सर दोन — असं का, विचारलं तर म्हणायचे, कान दोन असतात का न्हाई माणसाला, तसं. काही पण सांगायचे. चावी अशी वरून दिव्याच्या डोक्यात खुपसायची. पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळायचं, ते मापट दूध मोजल्यासारखं धरायचे. अन् आवाज! गाव झोपलेलं असलं तरी वेशीवर कळायचं, बद्रीनाथ आला. मी तवा ठेवायचे. वेशीपासून घरापर्यंत गाडी यायची तेवढ्यात तवा बराबर तापायचा.

पण खरी गंमत इथं. ही लिव्हर. किक अन् गिअर एकच. माहीत आहे तुम्हाला, हो, माहीत असणारच. गावात कोणाला माहीत नव्हतं. पाहुणे आले की आमचे हे म्हणायचे, घ्या पाव्हणं, मारून या चक्कर. पाहुणा चहूबाजूनं फिरायचा, वाकायचा, खाली हात घालायचा — दाजी, ह्याला किकच न्हाई, फसवलं तुम्हाला! सगळी ओसरी हसायची. मंग हे जायचे, लिव्हर बुटानं आत दाबायची, वर फिरवायची, उभी करायची, एक लाथ — अन् सुरू. सुरू झाली की परत आत दाबून पुढं खाली टाकायची. खाली पडली की ती गिअर झाली. उभी असली तर किक. उभी असताना गिअर पडत न्हाई, गाडी जागची हलत न्हाई. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं विसरला तरी चालंल.

गावात हे दोघांनाच यायचं. एक ह्यांना. अन् दुसरा धर्मराज — ह्यांचा आतेभाऊ, गल्लीत पलीकडंच घर, मला वहिनी वहिनी करायचा, माझ्या हातचं पिठलं खाऊन वाढलेला. ह्यांनीच शिकवलं त्याला, पार खळ्यावर नेऊन. अन् त्याची एकच चूक व्हायची, कायम. गाडी सुरू केली की लिव्हर खाली टाकायची इसरायचा. तशीच उभी ठेवायचा अन् गिअर शोधायचा पायानं. हे खळ्याच्या कडेनं ओरडायचे — अरे धर्म्या, खाली कर, खाली कर, उभ्या किकवर काय आभाळात जाणार का? मी ऐकलंय ते. माझ्या कानानं ऐकलंय.

तर त्या दिवशी दोघं प्लॉटवर गेल्ते. येताना माळाच्या वळणावर गाडी घसरली. दुपारचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. धर्मराजनं काय सांगितलं? दादा चालवत होता, मी मागं होतो, पडलो तशी शुद्धच गेली, भिवाकाकानं तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले. बस. सगळ्यांना तेच सांगितलं. पोलीस आले, त्यांना तेच. त्याला एस्टीत ड्रायव्हरचा कॉल आल्ता त्याच महिन्यात. समजलं ना? गाडी चालवताना माणूस मेला म्हणल्यावर एस्टी कशाला घेती? म्हणून दादा चालवत होता. चला, तेवढं मी सोडून दिलं असतं. खरंच. मेलेल्या माणसाच्या नावावर एक अपघात मांडला तर त्याला काय त्रास — पोराला नोकरी लागली असती, मी म्हणलं असतं, जाऊ दे.

पण गाडी उतरवली ना बैलगाडीतून, तेव्हा मी पाह्यलं. किक उभी.

हे बघा. आज हाय तशीच तेव्हा. मी हात लावला न्हाई, कोणाला लावू दिला न्हाई. चालती गाडी पडली तर लिव्हर खाली पाहिजे का न्हाई? पडताना आपोआप वर येती म्हणाले जमादार. कशी येईल? आधी आत दाबावी लागती. मिस्त्रीला विचारलं, एकाला न्हाई, जालन्यात विचारलं, परतूरला विचारलं, सगळे म्हणाले, बाई, पाय लावल्याबिगर होत न्हाई. भिवाला विचारलं — त्या बिचाऱ्याला तर हे दांडकं कशाचं तेच ठाऊक नव्हतं. मंग पाय कोणाचा? ह्यांची मांडी मोडलेली. म्हणजे कोण उठलं? कोण उठलं, गाडी उभी केली, किक वर केली, लाथा मारल्या — आडवी पडल्यानं इंजिनात पेट्रोल भरलं असंल, नसंल सुरू झाली — अन् मंग? मंग गाडी पुन्हा आडवी पाडली, अन् हा पुन्हा जाऊन आडवा झाला. शुद्ध गेलेल्यासारखा. ह्यांच्या बाजूला. किक खाली टाकायची मातर इसरला. कायम इसरायचा.

अन् हे तेव्हा जिवंत होते. भिवा शपथेवर सांगायचा — बाई, मी तोंडात पाणी घातलं, दादानं एक घोट गिळला, मंग मान टाकली. म्हणजे जिवंत होते. पलीकडच्या मळ्यात जीप होती, हाकेच्या अंतरावर. हा पळत गेला असता तरी. पळायचं न्हाई तर नुसतं ओरडला असता. हा डोळे मिटून पडला, अन् हे तिथं — बोलले असतील. काहीतरी बोललेच असतील की हो. बोलका माणूस. त्या दोन सायलेन्सरांसारखा, गप बसणं ठाऊकच न्हाई. काय बोलले, ते त्या धर्मराजनं ऐकलं. जगात फक्त त्यानंच ऐकलं. ते माझं होतं. माझ्यासाठीचं बोलणं होतं ते, अन् ते त्यानं मिटल्या डोळ्यानं ऐकून घेतलं अन् ठेवून घेतलं.

चहा घ्या. गार झाला का? होऊ दे.

मंग काय केलं, विचारता? काही न्हाई. मी काय करणार? एस्टीनं जायला लागले. आधी शाळेला पायी जायचे, बदली मागून घेतली, बदनापूरच्या गाडीनं जायला लागले. त्या गाडीवर ड्रायव्हर कोण? तोच. मी ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर बसायचे. रोज. भांडले न्हाई, रडले न्हाई, एक वाकडा शब्द न्हाई. त्याच्या समोर आरसा असतो ना वर, त्यात मी दिसायचे. बसल्यावर पिशवीतून पाण्याची बाटली काढायची अन् पुढं करायची — भाऊजी, पाणी घ्या, ऊन फार आहे. न्हाई म्हणायचा. दुसऱ्या दिवशी परत — भाऊजी, पाणी. कंडक्टर म्हणायचा, बाई किती माया करतात राव तुझ्यावर! त्याच्या मानेवर घाम यायचा, मी मागून बघायचे, कॉलर भिजत जायची. हिवाळ्यात सुद्धा.

त्यानं परतूरला बदली करून घेतली. मी बी मागितली. लोक म्हणाले, विधवा बाई, एकटी, एवढ्या लांब परतूरला तिचं कोण आहे? होतं ना. होतं की. — त्याच्या लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, पंगतीत पाणी वाढायला मीच उभी राह्यले. नवरदेवाच्या पानाशी आले, ग्लास भरला. ग्लास तसाच राह्यला. त्याच्या घरभरणीला गेले. शेवटी सगळ्या नात्यात झालं, धर्मराज वहिनीच्या हातचं पाणी पीत न्हाई, असा कसा उलट्या काळजाचा. मी म्हणायचे, असू द्या, त्याला तहानच लागत नसंल. एकदा घाटात त्यानं गाडी मधीच थांबवली, खाली उतरला, दगडावर जाऊन बसला. सगळी गाडी खोळंबली. लोक म्हणले चक्कर आली. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता येतो. आता वळतो अन् सांगतो. बिडी ओढली अन् येऊन बसला.

विचारायचं का न्हाई म्हणता? सरळ? अहो, विचारलं असतं तर त्यानं दिलं असतं काहीतरी उत्तर. खरं नाही तर खोटं. दादा तुझं नाव घेत होता वहिनी — असं काहीतरी गोड. मी रडले असते, त्यानं पाय धरले असते, सगळ्यांनी मिळून मिटवलं असतं. अन् तो सुटला असता. मला त्याला सोडायचं नव्हतं. त्यानं आपल्या पायानं यावं, ह्या ओसरीत, ह्या गाडीसमोर उभं राहावं अन् न विचारता सांगावं. तोवर पाणी. रोज पाणी. मला जन्म पुरला असता त्याला.

आता तुमचं. तुम्ही आलात, किंमत बोललात, चांगली बोललात. पुण्यात आता पोरांना असल्या गाड्यांचं याड लागलंय, कारखाना बंद पडला तशी हिची किंमत वाढली, हे मी पेपरात वाचते. पण घेणारा माणूस आला की आधी काय बघतो? इंजिन बघतो. टाकी ठोकतो. सायलेन्सर सडलेत का बघतो. तुम्ही आलात अन् चादर काढल्याबरोबर सरळ खाली वाकलात. लिव्हर बघायला. पोचा दिसला तो नंतर. आडनाव सांगितलं न्हाई तुम्ही, मी बी विचारलं न्हाई. धर्मराजचा ना तू? — खाली बघू नको. वाकलास तेव्हाच ओळखलं, मान तीच आहे, एवढी वर्षं त्या मानेकडं बघत आले मी, तुझ्या आईनं पाह्यली नसंल एवढी. त्यानंच पाठवलं. बघून ये, अजून उभीच आहे का. विकत घे, काय मागंल ते दे, घेऊन ये. बराबर ना?

मंग ऐक. गाडी विकायची न्हाई. तुझ्यावर माझा राग न्हाई बाळा, तू जेवून जा, पिठलं टाकते. पण त्याला जाऊन सांग, ये म्हणावं. आजारी असंल तर जीप करून ये. चालता येत नसंल तर चौघांनी उचलून आणा, ह्या खुर्चीत बसवा. त्याच्या पायानं किक खाली करू दे. गाडी फुकट देते. पेट्रोल भरून देते. फक्त तो आला पाहिजे, अन् तोंड उघडलं पाहिजे. मला काही घाई न्हाई, मी अजून चाळीस — हं? काय म्हणालास?

मोठ्यानं बोल की. आल्यापासून पुटपुटतोस, अन् ही टोपी, घरात कोणी टोपी घालून बसतं का, काढ आधी ती, मंग —

हां. मुंडण केलंय.

कधी?

तेरावा झाला का. — झाला. अन् मला कोणी कळवलं न्हाई. बरोबर आहे. कशाला कळवतील. पाणी घेऊन आले असते मी.

बोलला का काही? तुला? आईला? नुसतं गाडी बघून ये, एवढंच? आठव बाळा. एवढंच? — न्हाई, राहू दे. आता सांगू नको. तू काहीतरी बनवून सांगशील, तुझं तोंड दिसतंय मला, दया आल्यासारखं. नको. उठ. चहा राहू दे. चादर राहू दे, मी टाकते. परतूरची गाडी मिळंल तुला फाट्यावर, जा.

जा म्हणलं ना.

एवढी वर्षं मी त्याच्या मागच्या शिटावर बसले, अन् हे शेवटी काय बोलले ते त्याला एकदा सुद्धा विचारलं न्हाई.