बाबांचा गियर

तुम्ही सगळे मला वेड्यात काढता ना, की आपल्या मीरा रोडच्या ट्रॅफिकमध्ये जुनी गाडी घेतली, तीही ऑटोमॅटिक सोडून गियरवाली? ऐका मग.

सिल्व्हर पार्कच्या डीलरकडे दोन्ही होत्या. बाबांना बरोबर नेलं होतं. मला गाडी त्यांनीच शिकवली, पण नजर अधू झाल्यापासून स्वतः चालवणं सोडलंय. आधी ऑटोमॅटिक चालवून पाहिली. बाबा शेजारी, हात मांडीवर. उतरताना म्हणाले, "चांगली आहे. हीच घे, तुला आराम."

डीलर खूश. "देखा मॅडम, अंकल को भी पसंद आयी!"

मग गियरवाली काढली. पहिल्याच वळणावर बाबा म्हणाले, "क्लच दाब," आणि माझा हात हलायच्या आत त्यांनी शेजारूनच दुसरा गियर टाकला. शिकवताना टाकायचे, अगदी तसाच. मग तिसरा. शांती नगर येईपर्यंत मी गियरला हातच लावला नाही.

परत येऊन डीलरला म्हटलं, "यही दे दो."

आता मी चावी उचलली की बाबा चपला घालून दारात उभे. परवा शेजारच्या काकांना सांगत होते, "काय करणार, जावं लागतं. पोरीला अजून गियर जमत नाहीत."